कुंपणाआडची बोट

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या काठी सीसाइड नावाचे शहर आहे. तिथल्या एका रहिवाशाला जुलै २०२३ मध्ये नगरपालिकेचे पत्र आले. त्याच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या फरसबंद पट्ट्यावर, ट्रेलरसकट एक मोटारबोट उभी असे. बरीच वर्षे त्याबद्दल कोणी काही म्हटले नव्हते. शहराच्या नियमानुसार बोट आणि ट्रेलर पुढून व बाजूने सहा फूट उंच कुंपणाने झाकलेले असले पाहिजेत, असे पत्रात बजावले होते. नियम न पाळल्यास दंड होता. रहिवाशाने कुंपण घातले, फाटक बसवले. मग शेजारीच राहणाऱ्या एका भित्तिचित्रकाराला बोलावून, त्या फाटकावर आतल्या बोटीचे हुबेहूब चित्र काढून घेतले. मे २०२४ मध्ये ते पूर्ण झाले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला फाटक जणू पारदर्शक आहे आणि पलीकडची बोट सरळ दिसते आहे, असे वाटे. फोटो जगभर पसरले. नियम अक्षरशः पाळला गेला होता, त्यामुळे शहराच्या प्रभारी व्यवस्थापकांनी चित्र दिलखुलासपणे स्वीकारले आणि कारवाई करणार नसल्याचे सांगितले.

लोक हसले आणि विषय तिथेच सोडून दिला गेला. खरे म्हणजे त्या फाटकाने स्थानिक कायद्याची एक चोख परीक्षा घेतली होती. कुंपणाआधी रस्त्यावरून बोट दिसत होती, कुंपणानंतरही बोटच दिसत होती; तरी पहिल्या स्थितीत नियमभंग होता आणि दुसऱ्या स्थितीत नव्हता. मग नियमाला नेमके काय टाळायचे होते? या प्रकरणातला सगळा विचार या एका प्रश्नाभोवती आहे. घराच्या आवारात मोठी वस्तू ठेवण्यावर समाजाने बंधन घालणे मला गैर वाटत नाही. दाट वस्तीत ते आवश्यकच असते. पण बंधन एखाद्या अपायावर बेतलेले असावे. वस्तू ‘दिसते’ एवढाच ज्याचा आधार आहे, असा नियम खरे अपाय डोळ्यांआड करतो आणि त्याचा भार ज्यांना तो सर्वांत कमी पेलवतो त्यांच्यावर टाकतो.

अमेरिकेत असे नियम येतात कुठून, हे थोडे पाहावे लागेल. जमिनीच्या वापराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात काय चालेल नि काय नाही हे ठरवण्याची पद्धत, म्हणजे झोनिंग, न्यूयॉर्क शहराने १९१६ साली शहरभर लागू केली. पुढे ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या झोनिंगविरुद्ध एका जमीन कंपनीने दावा लावला आणि १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. आग, गर्दी, गोंगाट, रहदारी यांपासून राहत्या वस्तीचे रक्षण करणे हा स्थानिक सरकारचा अधिकार ठरला. त्या निकालाच्या आधारावर हजारो शहरांनी आपापल्या नियमावल्या केल्या, आणि पुढे त्यांत ट्रेलर, बोटी, फिरती घरे, मोडक्या गाड्या यांची कलमे शिरली. याशिवाय बऱ्याच उपनगरांत घरमालकांची संघटना असते. घर विकत घेतानाच तिच्या अटी खरेदीदाराला बांधून टाकतात आणि त्या पालिकेच्या नियमांपेक्षाही कडक असू शकतात. तिसरा थर राज्याच्या कायद्याचा. तो या दोघांनाही लगाम घालू शकतो. म्हणजे ट्रेलरवरच्या एका बोटीमागे तीन पुस्तके उघडावी लागतात.

या कलमांच्या मुळाशी पुढच्या अंगणाची एक जुनी कल्पना आहे. शिकागोजवळच्या रिव्हरसाइड या उपनगराची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८६८-६९ मध्ये केली. तिथे प्रत्येक घर रस्त्यापासून तीस फूट मागे ठेवायचे ठरले, म्हणजे सगळ्यांची अंगणे मिळून एक सलग हिरवा पट्टा दिसावा. फ्रँक जे. स्कॉट यांनी १८७० साली उपनगरातल्या बागांवर एक पुस्तक लिहिले. आपल्या अंगणाची शोभा उंच कुंपण घालून शेजाऱ्यांपासून लपवणे हे ख्रिस्ती धर्माला न शोभणारे वर्तन आहे, इतक्या टोकापर्यंत ते गेले. जमीन माझी पण तिची शोभा सगळ्या रस्त्याची, ही ती धारणा. माझ्या मते ती उदार आहे आणि तिची टर उडवण्याचे कारण नाही. म्हणूनच अनेक अमेरिकी शहरांत पुढच्या अंगणातले कुंपण तीन-चार फुटांपेक्षा उंच नसावे असा नियम आजही आहे. आणि म्हणूनच बोट झाकण्यासाठी सहा फुटांची भिंत मागणारे कलम त्या परंपरेत बसत नाही. एक बोट दिसू नये म्हणून मोकळ्या रस्त्याला तट घालायचा, यात जे राखायचे होते तेच हातचे जाते. शिवाय ट्रेलरच्या चाकांवर चढवलेल्या अनेक बोटी, काचेच्या आडोशासह किंवा वरच्या छपरासह, सहा फुटांहून उंच असतात. भिंत उभी राहूनही वरचा भाग दिसतोच.

बोट अंगणात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ओल इव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास बोटीच्या मागे अडकवायचे इंजिन बाजारात आणले होते. पण लाकडी बोट महाग, आणि तिची निगा राखणे त्याहून जिकिरीचे. फायबरग्लासचे साचे आल्यावर बोट स्वस्त झाली, मोटारगाडी घरोघर होतीच, आणि ट्रेलर जोडून तळ्यावर जायचे नि संध्याकाळी परत आणायचे हे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. आज त्या देशात नोंदणी झालेल्या बोटी एक कोटीहून अधिक आहेत. बंदरात जागा भाड्याने घेणे यांतल्या बहुतेकांना परवडत नाही, म्हणून घर हाच त्यांचा धक्का. विशेष परवान्याशिवाय रस्त्यावर नेता येणाऱ्या ट्रेलरची रुंदी साधारण साडेआठ फुटांपर्यंत असते. म्हणजे गॅरेजच्या दारातून आत न जाणारी आणि ड्राइव्हवे जवळजवळ भरून टाकणारी ही वस्तू आहे. वाद होणार हे उघडच होते.

आता अपायांकडे वळू, कारण ते खरे आहेत. बोट हिवाळाभर पडून राहते तेव्हा तिच्यावर ताडपत्री टाकतात. ताडपत्री मधोमध झोळीसारखी खाली येते आणि पावसाचे पाणी त्या खोलगट भागात साठते. बोटीच्या तळाला पाणी काढून टाकण्याचे बूच असते. ते बसवलेलेच राहिले तर आतही पाणी तुंबते. उन्हाळा सुरू होईपर्यंत पाने कुजून त्या पाण्याचा रंग चहासारखा होतो, आणि डासांना याहून चांगली जागा मिळत नाही. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास कॅलिफोर्नियात २०१३ साली आढळला आणि तेव्हापासून तो तिथे मुक्कामाला आहे. उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खाती साठलेले पाणी आठवड्याला ओतून टाका असे सांगतात. दुसरा अपाय इंधनाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी बसून राहते, आणि बॅटरीची एक ठिणगी तिला पुरते. अशी बोट शेजारच्या घराच्या भिंतीला चिकटून ठेवलेली असेल तर धोका दोन घरांचा होतो. तिसरा रहदारीचा: ट्रेलरचा दांडा पदपथावर आला की बाबागाडी ढकलणारी आई आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस रस्त्यावर उतरतो. चौथा, ट्रेलरच्या चाकांना पाचर नसली तर उतारावरून तो घरंगळतो. आणि पाचवा, सोडून दिलेली बोट: मालकाने इंजिन विकलेले, ट्रेलरची चाके जमिनीत रुतलेली, फायबरग्लासला तडे. ती हलवायला नि नष्ट करायला पैसे पडतात आणि शेवटी ते पालिकेच्या गळ्यात येतात.

या पाचांपैकी सहा फुटांच्या कुंपणाने कोणता दूर होतो? एकही नाही. उलट दोन वाढतात. कुंपणाआडचे तुंबलेले पाणी पदपथावरून जाणाऱ्या पाहणी कर्मचाऱ्याला दिसत नाही आणि शेजाऱ्यालाही दिसत नाही. बोट कुजत चालली आहे हेही कळत नाही. शिवाय एक नवा अपाय उभा राहतो: ड्राइव्हवेच्या तोंडाशी उंच आडोसा आला की गाडी मागे घेणाऱ्याला पदपथावरचे मूल दिसत नाही. वाहतुकीचे नियम ड्राइव्हवे आणि कोपऱ्यापाशी नजरेसाठी त्रिकोणी जागा मोकळी ठेवायला सांगतात ते याच भीतीने. अपायावर बेतलेला नियम असता तर त्याने सांगितले असते: बूच काढलेले असावे, ताडपत्रीत पाणी साठू नये, शेजारच्या भिंतीपासून अमुक फूट अंतर असावे, पदपथ पूर्ण मोकळा असावा, चाकांना पाचर असावी, नोंदणी चालू असावी. असा नियम तपासायला एक मोजपट्टी आणि पाच मिनिटे पुरतात.

यावर पहिला आक्षेप असा, की सौंदर्य हाही समाजाचा हक्काचा विषय आहे आणि त्याला केवळ आरोग्याच्या मापाने मोजू नये. हा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे. १९५४ साली बर्मन विरुद्ध पार्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की शहर निरोगी असण्याबरोबरच सुंदरही असावे असे ठरवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना आहे. त्याहून नेमका दाखला न्यूयॉर्क राज्यातल्या राय शहराचा. तिथल्या एका कुटुंबाने घरपट्टी वाढल्याच्या निषेधार्थ १९५६ साली पुढच्या अंगणात कपडे वाळत घालण्याची दोरी बांधली आणि तिच्यावर जुनेपाने कपडे, चिंध्या लटकवल्या. पट्टी कमी होईना, तशी ते दरवर्षी आणखी एक दोरी वाढवत गेले. १९६१ साली शहराने रस्त्यालगतच्या अंगणात दोऱ्या बांधण्यावर बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने १९६३ मध्ये ती बंदी कायम ठेवली आणि केवळ देखाव्याच्या कारणावरून केलेला नियमही वैध असू शकतो असे स्पष्ट म्हटले.

मी तो निकाल चुकीचा मानत नाही. पण त्यातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही: ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांना परवाना घेऊन दोरी बांधता येईल, अशी सोय राय शहराच्या नियमात होती. म्हणजे देखाव्याला मान देतानाही गरजेला वाट ठेवली होती. आणि बर्मन निकालाची किंमत कोणी मोजली, हेही आठवावे. तो निकाल वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातल्या पुनर्विकासाबद्दल होता; त्या योजनेत हजारो कुटुंबे, त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय, आपल्या वस्तीतून उठवली गेली. दावा लावणारे दुकान स्वतः मोडकळीला आलेले नव्हते, तरी आराखड्यात बसत नाही म्हणून गेले. सौंदर्याचा अधिकार मान्य असला तरी तो वापरणाऱ्याकडून हिशेब मागितलाच पाहिजे: कोणाच्या नजरेला काय खुपते आणि ते दूर करण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो?

सीसाइडच्या फाटकाने याच अधिकाराची दुसरी मर्यादा उघडी केली. शहर बोटीवर नियम करू शकते, बोटीच्या चित्रावर मात्र सहजासहजी नाही. मिझुरीतल्या लाड्यू या सधन शहराने घराच्या आवारातल्या बहुतेक फलकांवर बंदी घातली होती. दृश्य गजबजाट नको हेच कारण. एका रहिवासी बाईंनी खिडकीत युद्धविरोधी लहानसा फलक लावला, आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराचा नियम रद्द केला. स्वतःच्या घरातून बोलण्याच्या हक्काला न्यायालयाने खास स्थान दिले. पुढे २०१५ मध्ये अॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावाच्या खटल्यात, मजकूर काय आहे ते पाहून फलकांना वेगवेगळे नियम लावणे जवळजवळ अशक्य करून टाकले. तेव्हा ‘फाटकावर डोंगर काढा, फुले काढा, फक्त बोट काढू नका’ असे म्हणायला पालिकेला जागाच उरलेली नाही. रस्त्यावरच्या नजरेला जी गोष्ट वस्तू म्हणून वर्ज्य होती ती चित्र म्हणून मान्य करावी लागते, असे झाले की नजर हा नियमाचा आधार टिकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. घर ही बहुतेकांची आयुष्याची कमाई असते. शेजारच्या अंगणात मळकी ताडपत्री आणि गंजका ट्रेलर असेल तर घर विकताना भाव पडतो, असे लोक म्हणतात. आणि अटी आधीच माहीत असताना घर घेतले, मग आता तक्रार कसली? करार पाळावा, हे मला मान्य आहे. पण करारालाही कायद्याने सीमा आखता येते, आणि फ्लोरिडाने तेच केले. १ जुलै २०२३ पासून तिथे अमलात आलेल्या कायद्यानुसार, घरासमोरून किंवा शेजारच्या जागेतून दिसत नसेल अशी कोणतीही वस्तू आवारात ठेवायला घरमालकांची संघटना मनाई करू शकत नाही. कायद्यात बोटींचा उल्लेख नाव घेऊन आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, कारण मागच्या अंगणातही नाक खुपसणाऱ्या संघटनांना त्याने रोखले. तरी या कायद्यानेही दिसणे हीच कसोटी धरली. ज्याचे मागचे अंगण मोठे, त्याला मुभा; ज्याच्या घराला फक्त पुढचा चिंचोळा ड्राइव्हवे, तो तिथेच अडकला.

मुद्दा ऐपतीचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीन गाड्यांचे गॅरेज असलेल्या माणसाला बोट झाकण्यासाठी काहीच करावे लागत नाही. लहान घरातल्या माणसाला कुंपण घालावे लागते किंवा साठवणीच्या जागेचे महिन्याचे भाडे भरावे लागते. ते न जमल्यास बोट विकावी लागते. बहुतेक शहरांत हे नियम तक्रार आली तरच लागू होतात. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन सारख्या बोटींपैकी ज्याचे शेजाऱ्याशी बिनसले त्यालाच नोटीस येते. मायामीजवळच्या कोरल गेबल्स शहराचे उदाहरण वाचकाने नीट पाहावे. तिथे राहत्या वस्तीत रात्री पिकअप ट्रक उघड्यावर उभा करण्यास बंदी होती. त्याच आकाराची, त्याच उंचीची महागडी एसयूव्ही मात्र चालत होती. फरक फक्त मागच्या उघड्या हौद्याचा, म्हणजे त्या गाडीतून सामान वाहणाऱ्या माणसाच्या कामाचा. एका रहिवाशाने खटला लढवला. २००७ साली अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१० मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो फिरवून शहराचा नियम वैध ठरवला. सौंदर्याच्या नावाखाली कामकरी माणसाच्या खुणा वस्तीतून पुसता येतात, हे त्यातून स्पष्ट होते.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. मुंबई, रायगड, रत्नागिरीच्या कोळीवाड्यांत पावसाळी मासेमारीबंदी लागली की शाकारलेल्या होड्या घरांच्या ओळीपर्यंत वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, आणि ते कोणाला विद्रूप वाटत नाही, कारण ती वस्तीची उपजीविका आहे. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईच्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा असे म्हटले गेले, ते कोळी समाजाच्या गरजा ओळखूनच. उद्या शेजारी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या रहिवाशांनी ‘होड्या झाका’ म्हटले, तर आपण त्यांना काय सांगू? हौसेची बोट आणि पोटाची होडी एक नव्हे, हे मान्य. पण दोन्हीकडे नियम करणाऱ्याने आधी अपाय दाखवावा, ही अपेक्षा सारखीच आहे.

उरतो तिसरा आक्षेप: मोजपट्टीचे नियम केले की लोक मोजपट्टीपुरतेच पाळतील आणि गल्ली तरीही ओंगळ दिसेल. थोडीफार दिसेल. शेजारधर्म कलमांनी निर्माण होत नाही, आणि तो निर्माण करण्याचे काम पालिकेचे नाही. जिथे देखाव्यासाठीच काही हवे असेल तिथे मुदतीची अट घालता येते, हंगामात उघड्यावर, हंगामाबाहेर इतरत्र. भिंतीऐवजी झुडपांची रांग चालवता येते. शहराने स्वस्त भाड्याची सामाईक जागाही द्यावी, म्हणजे लहान घरवाल्याला वाट राहील. आणि नियम आकाराला लावावा, वस्तूच्या नावाला नव्हे: बावीस फुटांची बोट चालत नसेल तर बावीस फुटांचे फिरते घरही चालू नये. अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेक जण आज अशा घरमालक संघटनांचे सभासद आहेत, काही समित्यांवरही आहेत. घर घेण्याआधी तिन्ही पुस्तके वाचा, आणि झाकण्याचा ठराव बैठकीत आला की मत देण्यापूर्वी कोणता अपाय टळणार हे लेखी मागा. ठराव बदलता येतात: न्यायालयात जिंकलेला कोरल गेबल्सचा पिकअपबंदीचा नियम तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतपेटीतून मागे घ्यायला लावला.